शिडीच्या वरच्या टोकाला कोण राहतं? धारावीतली घरं आणि माणसं मोजायची म्हणजे काय

मला ऑफिसात, ट्रेनमधे, लग्नात, कुठेही कळलं की मी धारावीची आहे की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथे दहा लाख लोक राहतात ना गं?" आणि दुसरा, धारावीच्या पुनर्विकासाच्या बातम्यांमुळे, "आता सगळ्यांना फ्लॅट मिळणार ना?" या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काय संबंध आहे तेच आज सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते, कारण संबंध फार जवळचा आहे आणि बातम्या वाचून तो कळत नाही.

आधी आमची खोली सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. वडील सातारा जिल्ह्यातून आले, आणि १९७६ ला सरकारनं मुंबईतल्या झोपड्यांची मोजणी करून ओळखपत्रं दिली, ज्याला सगळे फोटोपास म्हणतात, तो आमच्याकडे आहे. खोली १० बाय १२. एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. नंतर पोटमाळ्याचा मजला झाला, बाहेरून लोखंडी शिडी लागली, आणि वर तिरुनेलवेलीकडचं एक कुटुंब भाड्यानं आलं. त्या घरातल्या आजीला आम्ही सगळी पोरं पाटीच म्हणायचो, तमिळमधे पाटी म्हणजे आजी. खाली आई-वडील, मी, दोन भाऊ. मोठ्या भावाचं लग्न झालं तेव्हा त्याची चूल वेगळी झाली, म्हणजे त्याच खोलीत पडदा लावून दुसरी शेगडी आली आणि रेशनकार्ड वेगळं झालं.

आता सांगा, हे किती घरं? बाहेरून बघणाऱ्याला एक. जनगणनेत कुटुंब म्हणजे एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं, त्या हिशोबानं तीन: आईवडिलांचं, भावाचं आणि पाटीचं. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या भाषेत मात्र एक, कारण तिथे मोजायचं माप बांधकाम हे असतं, आणि ते पण तळमजल्याचं. एकाच शिडीवरचे हे तीन आकडे लक्षात ठेवा, बाकी सगळं यातूनच निघतं.

धारावी मुळात कोळीवाडा. १९०९ च्या मुंबई गॅझेटियरमधे शहरातल्या सहा मोठ्या कोळीवाड्यांत तिचं नाव आहे. एका बाजूला माहीमची खाडी, वर मिठी नदी, आणि काळा किल्ला तर १७३७ चा. म्हणजे ही जागा शहराचं टोक होती, आणि ज्या धंद्यांचा वास येतो, धूर होतो, ते सगळे शहरानं टोकाकडे ढकलले. १८८७ च्या सुमारास इथे चामडं कमावायचे कारखाने आले, त्यात काम करायला तमिळ मुसलमान आले, आपल्याकडचे ढोर-चांभार समाजाचे लोक आले. सौराष्ट्रातले कुंभार आधी दक्षिण मुंबईत होते, तिथून हलवत हलवत १९३० च्या दशकात इथे आले आणि कुंभारवाडा झाला. माटुंगा लेबर कॅम्पमधे सफाई कामगार आणि दलित वस्ती. नंतर उत्तर प्रदेश, बिहारमधून जरीकाम आणि शिलाईवाले, गुलबर्ग्याकडून कानडी लोक, आंध्रातून तेलुगू. हे लोक इथे आले ते कुणीतरी गाववाला आधीच आलेला होता म्हणून. तो खोलीत आठवडाभर झोपायला जागा द्यायचा, शेठकडे शब्द टाकायचा, महिनाभर खानावळीत उधारी चालवायचा. म्हणून धारावीत नगरं आहेत ती जवळजवळ गावांच्या नकाशासारखी आहेत, एका गल्लीत तमिळ ऐकू येतं, दोन वळणं घेतली की उर्दू, पुढे मराठी. सगळे एकमेकांत मिसळून गेलेत असं म्हणणं खोटं ठरेल. १९९२-९३ च्या दंगलीनंतर तर बरीच कुटुंबं आपापल्या लोकांजवळ राहायला सरकली, आणि ते अंतर आजही काही गल्ल्यांमधे जाणवतं, हे लिहिताना मला वाईट वाटतं पण खरं आहे. तरी पाण्याचा नळ, संडासची लाईन आणि कारखान्यातलं काम या तीन ठिकाणी सगळे एकत्र येतातच. पहाटे चारला तमिळ बायकांच्या इडलीच्या भांड्यांची वाफ आमच्या गल्लीत यायची, त्या इडल्या मग सायकलवरून अख्ख्या मुंबईत जायच्या.

मग शहर पुढे सरकलं. सायन, बांद्रा, कुर्ला वाढले, नदीपलीकडे बीकेसी, म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स हा मोठ्या ऑफिसांचा भाग, उभं राहिलं, आणि जी जागा टोकाला होती ती मधोमध आली. वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाईनींच्या मधे, विमानतळ जवळ. बरीचशी जमीन महापालिकेची आणि सरकारची, काही रेल्वेची. त्या जमिनीचा भाव आज काय असेल याचा विचार केला की इथल्या माणसांच्या आकड्याबद्दल एवढी ओढाताण का होते ते कळायला लागतं.

आता तो दहा लाखाचा आकडा. धारावी महापालिकेच्या जी उत्तर वॉर्डमधे येते. या वॉर्डमधे एकटी धारावी नाहीये, दादर, शिवाजी पार्क, माहीम हे सगळं त्यातच आहे. २०११ च्या जनगणनेत या पूर्ण वॉर्डची लोकसंख्या आहे ५,९९,०३९. अख्खा वॉर्डच सहा लाखांचा, तर त्यातल्या एका भागात दहा लाख कसे बसले? म्हणजे एक तर दहा लाख हा आकडा फुगवलेला आहे, नाहीतर जनगणनेतून खूप माणसं सुटलीत. मला वाटतं दोन्ही थोडं थोडं खरं आहे.

याच्यासाठी एक जुनी मोजणी फार कामाची आहे. १९८६ ला जॉकिन अर्पुथम यांच्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशननं वस्तीतल्याच लोकांना घेऊन धारावी मोजली. त्यांना सापडली सुमारे ५ लाख ३० हजार माणसं, १ लाख ६ हजार कुटुंबं आणि ८० हजार ५०० बांधकामं. सरकारचा त्यावेळचा अंदाज याच्या निम्म्याच्या आसपास होता. पण मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. १ लाख ६ हजार कुटुंबं, आणि बांधकामं ८० हजार ५००. समजा नियम केला की एका बांधकामाला एक घर, तर २५ हजारांच्या वर कुटुंबं तिथल्या तिथे बाहेर पडतात, आणि हे १९८६ चं, जेव्हा वरचे मजले आजच्यापेक्षा कितीतरी कमी होते!

माणसं सुटतात कशी तेही सांगते. मोजायला येणारा माणूस दुपारी येतो, गल्ली तीन फुटांची, तो खालच्या दारावर टकटक करतो, वरची शिडी उभी असते अगदी काटकोनात, वरच्या दाराला कुलूप कारण सगळे कामावर. तो खालच्याला विचारतो वर कोण आहे, आणि खालचा माणूस भाडं घेतो हे उघड व्हायला नको म्हणून सांगतो, "आमचेच आहेत." झालं, एक कुटुंब कागदावरून गेलं. दुसरे सुटणारे म्हणजे कारखान्यात झोपणारे कारागीर. जरीच्या, शिलाईच्या, बॅगच्या कारखान्यात दिवसा जिथे कापड पसरलेलं असतं तिथेच रात्री दहा-बारा जण आडवे होतात. त्यांची चूल नाही, खानावळीत जेवतात, रेशनकार्ड गावाला. ज्या मोजणीचं माप चूल आहे तिला ही माणसं दिसायला अवघड जातं. २०११ ला मुंबई शहर जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ८३२ बायका होत्या, महाराष्ट्राची सरासरी ९२९. हा जो फरक आहे ना, त्याच्यात बायकापोरं गावी ठेवून इथे गाळ्यात झोपणारे हजारो पुरुष आहेत.

झोपडपट्टी कशाला म्हणायचं यावरही आकडा बदलतो. जनगणनेत सरकारनं जाहीर केलेल्या आणि मान्यता दिलेल्या वस्त्या धरतातच, शिवाय किमान ३०० माणसांची किंवा ६०-७० घरांची दाटीची वस्तीही धरतात. राष्ट्रीय नमुना पाहणीत मात्र २० घरं असली तरी चालतं. बृहन्मुंबईत २००१ ला ५४ टक्के लोक झोपडपट्टीत होते, २०११ ला ४२ टक्के. ऐकायला छान वाटतं. पण याच्यात काही लोक इमारतीत गेले, काही जण विरार, नालासोपारा, मुंब्र्याकडे गेले जे मुंबईच्या आकड्यात येतच नाहीत, आणि काही वस्त्यांची मोजण्याची पद्धत बदलली. टक्का खाली आला म्हणजे तेवढ्या लोकांची घरं सुधारली असं होत नाही.

दाटीचा हिशोब एकदा करून बघू. धारावी धरू २.४ चौरस किलोमीटर, माणसं धरू ६ लाख, कारण १९८६ लाच ५ लाख ३० हजार होती. एका चौरस किलोमीटरमधे अडीच लाख माणसं येतात. बृहन्मुंबईची सरासरी २८ हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नऊपट. हे आकडे डोक्यावरून जातात म्हणून उलटं करा: प्रत्येक माणसाच्या वाट्याला ४ चौरस मीटर जमीन, साधारण ४३ चौरस फूट. सहा बाय तीनचे दोन पलंग मांडले की संपली. आणि त्यातच रस्ता, गटार, शाळा, मंदिर, मशीद, भट्टी, गोदाम, संडास सगळं आलं. मग घराची खोली १०० ते १५० फुटांची होणार नाहीतर काय होणार, आणि माणसं वर चढणारच. परवानगी १४ फूट उंचीपर्यंतची, प्रत्यक्षात तीन-तीन मजले आहेत.

या दाटीत घर आणि काम वेगळं करताच येत नाही, आणि बाहेरच्या लोकांना हीच गोष्ट समजत नाही. कुंभारवाड्यात ओटा म्हणजे वर्कशॉप, अंगण म्हणजे भट्टी. १३ कंपाउंडला प्लास्टिक वेचून, रंगांप्रमाणे वेगळं करून, कापून, धुऊन छपरावर वाळत घालतात, ते छप्पर म्हणजे कारखान्याचाच भाग. पापड लाटणाऱ्या बायकांना ऊन लागतं आणि गल्लीची जागा लागते. त्यांच्या घराचं माप चौरस फुटांत सांगितलं तर अर्धंच घर सांगितलं जातं, कारण उरलेलं अर्धं दाराबाहेर आहे. बाराव्या मजल्यावर स्वच्छ, नळाच्या पाण्याचा, आतमधे संडास असलेला फ्लॅट मिळाला तर मला स्वतःला आनंद होईल, माझ्या आईनं चाळीस वर्षं डबा घेऊन लाईन लावली आहे. पण भट्टी बाराव्या मजल्यावर जात नाही, आणि तिथे लिफ्टचं नि मेंटेनन्सचं बिल दर महिन्याला येणार ते कुठल्या कमाईतून भरायचं हा प्रश्न कुंभारवाड्यातल्या काकांनी विचारला तर त्याला विकासविरोधी म्हणू नये.

संडासचं निघालंच आहे तर, कोविडच्या काळात २०२० ला महापालिकेनंच सांगितलं होतं की धारावीतले ८० टक्के लोक ४५० च्या आसपास सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून आहेत. ६ लाखांच्या ८० टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार, एका शौचालयामागे हजाराच्या वर माणसं. एका शौचालयात अनेक भांडी, म्हणजे बसायच्या सीट, असतात हे खरं, पण स्वच्छ भारतचा नियम आहे ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक. हजार माणसांना त्या हिशोबानं पस्तीसच्या आसपास भांडी लागतील. धारावीत राहिलेल्या कुणालाही विचारा, चालू स्थितीतली, दार लागणारी, लाईट असलेली पस्तीस भांडी एका ठिकाणी पाह्यलीत का. मुली संध्याकाळनंतर पाणी कमी पितात, हे मी कुठे वाचलेलं नाही, मी स्वतः दहा वर्षं केलेलं आहे.

आता दुसरा प्रश्न, सगळ्यांना फ्लॅट मिळणार का. मुंबईत १९९५ पासून जी झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना, किंवा एसआरए, चालते तिचं गणित असं: सरकार बिल्डरला जादा बांधकामाची परवानगी देतं, बिल्डर त्या जमिनीच्या एका भागात झोपडीवाल्यांना फुकट घरं बांधून देतो आणि उरलेल्या भागात विकायच्या इमारती बांधून खर्च नि नफा काढतो. फुकट घराचा आकार आधी २२५ चौरस फूट होता, मग २६९, मग ३००. या गणितात प्रत्येक पात्र कुटुंब खर्चाच्या रकान्यात बसतं. म्हणून "पात्र कोण" हा शब्द एवढा जड आहे, आणि म्हणून मोजणीचं माप चूल ठेवायचं की बांधकाम हा कारकुनी प्रश्न राहत नाही.

धारावीत २००४ पासून योजना आल्या आणि अडकल्या. २०२२ च्या टेंडरमधे अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली लागली, २०२३ ला काम दिलं गेलं, आणि आता त्यांची ८० टक्के नि राज्य सरकारची २० टक्के अशी कंपनी हे करते आहे. २०२४ च्या मार्चपासून घरोघर सर्व्हे सुरू झाला, दारांवर नंबर पडले. नियम साधारण असे आहेत: तळमजला आणि १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा, तर धारावीतच ३५० चौरस फूट, फुकट. २००० ते १ जानेवारी २०११ मधले, तर धारावीबाहेर मुंबई महानगर प्रदेशात कुठेतरी ३०० फूट, अडीच लाख भरून. त्याच्या नंतरचे १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतचे, आणि वरच्या मजल्यावरचे, यांना धारावीबाहेर भाड्यानं, हप्ते भरत पुढे मालकीचं होईल असं घर. बाहेर म्हणजे कुठे, तर कुर्ला, मुलुंडची मिठागरं, देवनारचं डंपिंग ग्राउंड अशा जागांची नावं आहेत. इथे हेही सांगायला पाहिजे की वरच्या मजल्याला आधीच्या योजनांमधे काहीच नव्हतं, निदान आता मोजतायत तरी. पण वर राहणारा आणि खाली राहणारा यांच्यात फरक एका शिडीचा, आणि पत्त्यात फरक पडणार पंधरा किलोमीटरचा. ज्या बाईचं काम चार घरं सोडून आहे तिला देवनारहून रोज यायचं म्हणजे बस, ट्रेन, वेळ, आणि घरी पोरांना कोण बघणार. तिच्या कामाच्या ओळखी, उधारीचं दुकान, तमिळ माध्यमाची शाळा, सगळं इथे आहे.

आणि नुसती भिंत पक्की झाली म्हणजे घर चांगलं असंही नसतं. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडमधे प्रकल्पामुळे हलवलेल्या लोकांना बहुमजली इमारती दिल्या, दोन इमारतींमधे अंतर तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दिवसा लाईट लावावी लागते, वारा येत नाही. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनं आयआयटी मुंबईबरोबर २०१८ ला अभ्यास करून दाखवलं की अशा इमारतींत टीबी जास्त आहे आणि त्याचा संबंध ऊन-वारा न मिळण्याशी आहे. म्हणजे झोपडी गेली, नळ आला, संडास आत आला, आणि खोकला घरात राहिला. त्यामुळे धारावीत ज्या इमारती होतील त्यांचं मला पहिलं विचारायचंय ते हेच, दोन बिल्डिंगच्या मधे अंतर किती ठेवणार आणि दुसऱ्या मजल्यावर ऊन किती तास येणार.

आमच्या खोलीचा नंबर पडला. वडिलांचा फोटोपास आहे, म्हणून एक घर. भावाचं कुटुंब त्यातच, त्याची चूल वेगळी असली तरी बांधकाम एकच. पाटी आता नाहीये, २०१९ ला गेली. तिचा मुलगा सर्व्हेच्या आधी पिशवी घेऊन खाली आला, तो वर एकोणीस वर्षं राहिला आहे. पिशवीत मुलीचा शाळेचा दाखला, आधार, एक जुनं बँक पासबुक, लसीकरणाचं कार्ड. भाडं कायम हातात दिलं, पावती कधी केलीच नाही, आणि कधी करायची असते हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं. बेस्टचं लाईटबिल आमच्या नावावर, कारण मीटर एकच, वर सबमीटर. वडिलांनी थरथरत्या हातानं एका कागदावर लिहून सही करून दिली की हे लोक अमुक सालापासून वर राहतात. त्यानं तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरमधे घातला, आणि शिडी चढता चढता परत खाली येऊन विचारलं, "ताई, तारीख टाकलीये ना बरोबर?"